कावेरीचा उजवा हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढं हात जोडले तरी एवढं सोडून बाकीचं बोलत आले. तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. पण एक आधीच बजावते — माझी समजूत घालू नका. ‘तेव्हा परिस्थितीच तशी होती’ असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. परिस्थिती कशी होती हे मला ठाऊक आहे. मी तिथंच बसले होते. खुर्ची चांगली उंच करून बसले होते.

परवा एका मुलीचा फोन आला. माझ्या हाताखाली शिकलेली, आता पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. म्हणाली, मॅडम, इथं निम्म्या पोरी मनगटाला पट्टे बांधून फिरतात, माझे हात मात्र तुमच्यामुळं शाबूत आहेत. तुम्ही किती ओरडायचात आम्हाला, मनगट सरळ, मनगट सरळ! मी हसले. थँक्यू बेटा म्हणाले. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन हातात आलं ते भांडं आपटलं. नवरा म्हणाला, काय झालं? काही नाही म्हणाले. तीस वर्षं होत आली, माझं उत्तर तेच आहे — काही नाही.

राग कुणावर? तेच तर सांगायचं आहे. सांगायला बसले की आधी दुसऱ्यांवरच निघतो. कंपनीवर, साहेबावर, त्या टेबलांवर. होऊ द्या. निघू द्या आधी. मग माझ्यावर येते.

नव्वदीच्या शेवटाची गोष्ट. नवीन जालन्यात, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर एका बियाणं कंपनीचं ऑफिस होतं. नाव सांगत नाही, त्यानं काही बिघडत-सुधरत नाही. मराठी-इंग्रजी टायपिंगच्या दोन्ही परीक्षा देऊन मी तिथं लागले होते. मग कॉम्प्युटर आले. काचेची खोली केली, एसी बसवला, चपला बाहेर काढून आत जायचं — मशिनचे काय लाड! धुळीचं कव्हर वेगळं, पुसायचा कपडा वेगळा. आणि माणसाला? माणसाला जुनीच टेबलं. कारकुनांनी ज्यावर रजिस्टरं लिहिली, ती छातीला लागणारी सागवानी टेबलं, आणि समोर नायलॉनच्या पट्ट्यांच्या, मध्ये खड्डा पडलेल्या लोखंडी खुर्च्या. कीबोर्डवर हात ठेवायचा तर मनगट वर मोडून ठेवावं लागायचं, भिंतीवर हात टेकल्यासारखं. आठ तास. सीझनला दहा तास.

काम काय, तर गावोगावच्या बीजोत्पादन प्लॉटचे फॉर्म चढवायचे. शेतकऱ्याचं नाव, गाव, गट नंबर, लॉट नंबर, पेरणीची तारीख, उगवण किती टक्के. नाव एकदाच, आकडे ढीगभर. सगळे आकडे उजव्या हाताच्या बाजूला. उजवा हात सकाळी जो तिथं टेकायचा तो जेवायलाच उचलायचा.

त्या खोलीत दोघी होतो. मी आणि कावेरी.

कावेरी धावड्याची. भोकरदन तालुक्यातलं, डोंगराच्या कडेचं गाव. धनगराच्या घरातली. भाऊ शेती करायचे, बाप अजून वर्षाचे काही महिने मेंढरं घेऊन हिंडायचा. घरातली पहिली नोकरीवाली. तेवीस वर्षांची, इथं नर्सिंगच्या दोन पोरींबरोबर खोली करून राहायची. आकडे चढवताना ओठातल्या ओठात म्हणायची — सात, सात, नऊ, शून्य — आणि हात असा चालायचा की काय सांगू. कापूस वेचणीला गेलेली हुशार बाई बोंडाकडं न बघता वेचते ना, तसा. माझे दीडशे फॉर्म व्हायचे तेव्हा तिचे दोनशे होऊन ती मला म्हणायची, ‘‘आणा ताई, तुमचे राह्यलेले टाकून देते.’’

आणि टाकून द्यायची. हेही सांगितलं पाहिजे. माझे राहिलेले फॉर्म ती मशिनवर चढवून द्यायची.

मी जांब समर्थच्या जवळच्या एका गावची. पिढीजात जमीनदार घर, दारात बैलजोड्या. आमच्या रानात उन्हाळ्यात मेंढरं बसवायचे, खतासाठी. त्या मेंढरांबरोबर जी माणसं यायची त्यांना आई ओट्याखाली उभं करून भाकरी द्यायची. कावेरीचा बाप त्यांत नव्हता, ते लोक वेगळे. पण ती माझ्यापुढं निघाली की माझ्या मनात काय यायचं? तेच यायचं — ओट्याखालच्या लोकांतली ही, आणि माझ्यापुढं? तोंडानं मी तिला ‘अगं कावेरी, माझ्या डब्यातलं घे’ म्हणायचे, आणि आत ते. लाज वाटते म्हणून आजवर हा भाग मी स्वतःशीसुद्धा गाळून सांगायचे. आज नाही गाळत.

तर — दुखणं आधी मला लागलं. अंगठा आणि पुढची दोन बोटं बधीर. पहाटे हात झाडत उठायचं, जणू कुणाचा तरी हात माझ्या अंगाला शिवलाय. पोळपाटावर लाटणं फिरेना. बहीण औरंगाबादला होती, तिनं एका फिजिओथेरपीवाल्या बाईंकडं नेलं. पिकल्या केसांच्या, कडक बाई. त्यांनी ना गोळी दिली ना मलम. म्हणाल्या, तुम्ही ऑफिसात बसता तशा बसून दाखवा. मी बसले. त्यांनी माझ्या मोडलेल्या मनगटावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘‘हे रोज आठ तास? मग नस चेपणार नाही तर काय होणार?’’

मग एक कागद घेतला, पेनानं चित्र काढलं. बसलेली बाई. खुर्ची इतकी उंच की कोपर काटकोनात यावं. मनगट सरळ, वरही नाही आणि खालीही नाही, कोपरापासून बोटांपर्यंत एक रेघ. खुर्ची उंच केल्यावर पाय लोंबकळतील, तर पायाखाली पाट. आकडे बडवायचे नाहीत, बोटं हलकी टेकवायची. अर्ध्या तासानं हात मांडीवर ठेवायचे, बोटं उघडायची-मिटायची, खांदे सैल सोडायचे. दुखेपर्यंत थांबायचं नाही, मुंग्या आल्या की थांबायचं. झोपताना हात मुडपून उशाला घ्यायचा नाही. एवढंच. एका कागदावर मावलं. ना औषध, ना पैसा, ना मोठी विद्या.

उठता उठता त्यांनी विचारलं, ‘‘तुमच्याबरोबर आणखी कोण असतं मशिनवर?’’

‘‘एक मुलगी आहे,’’ मी म्हटलं.

‘‘तिलाही दाखवा हा कागद. आत्ता कळलं तर तिला काही होणारच नाही. उशीर झाला की अंगठ्याच्या बुडाचं मांस जातं. ते मग परत येत नाही.’’

मी हो म्हणाले. स्पष्ट, मान हलवून, हो.

म्हणजे बघा, मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही. मला सांगितलेलं होतं. काय होईल, कुठलं मांस जाईल, सगळं.

बसमध्ये मी तो कागद दोन-तीनदा वाचला. खरं सांगते, तेव्हा दाखवायचाच विचार होता. सोमवारी ऑफिसात गेले, पर्समध्ये कागद. आणि त्याच सोमवारी साहेबांनी दोघींना बोलावून सांगितलं की वरून एक जागा मंजूर झालीय. एकच. मार्चअखेर बघू, जिचं काम जास्त आणि बिनचूक, ती पर्मनंट. दुसरीचं नंतर पाहू. ‘नंतर पाहू’ म्हणजे काय ते आम्हा दोघींना कळलं.

बाहेर आल्यावर कावेरी हसली. म्हणाली, ‘‘तुमचीच हाय ताई ती जागा. तुमी जुन्या.’’ तिला तसं खरंच वाटत होतं.

मी कागद पर्समधून काढला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मी काही ठरवलं नव्हतं. पण न ठरवता रोज केलं. रोज सकाळी पर्स टेबलाच्या खणात ठेवताना कागदाचा कोपरा दिसायचा आणि रोज मी खण लावून घ्यायचे. याला ठरवणं नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

स्वतःचं मात्र सगळं केलं. घरून जाड उशी आणली, खुर्चीवर टाकली. पायाखाली पाट आणला. कावेरीनं विचारलं, हे काय ताई? म्हटलं, कंबर धरलीय गं. ती म्हणाली, ‘‘म्हाताऱ्या झाल्या बगा तुमी.’’ दर अर्ध्या तासानं मी हात मांडीवर घ्यायचे — टेबलाखाली, तिला दिसू नये म्हणून टेबलाखाली! — आणि बोटं उघडायचे, मिटायचे. ती शेजारी बसून सात, सात, नऊ, शून्य. तिचं मनगट मला दिसायचं. असं वर मोडलेलं. मी रोज बघायचे. डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचे आणि माझं मनगट सरळ ठेवायचे.

महिन्या-दीड महिन्यात माझा हात सुधारला. आणि दिवाळीनंतर तिचा सुरू झाला.

आधी ती हात झाडायला लागली. मग पाणी प्यायच्या निमित्तानं उठायला लागली. एक दिवस जेवताना डबा पुढं ओढत म्हणाली, ‘‘ताई, मह्या हाताला लई मुंग्या येऊन राह्यल्या. तुमचा बी दुखत व्हता न्हाई का? मंग तुमचा कशानं बरा झाला?’’

आता इथं थांबते जरा.

तिनं विचारलं होतं. इतकं सरळ की यापेक्षा सरळ कुणी विचारू शकत नाही. माझी पर्स माझ्या मांडीजवळ होती. हात घालायचा, कागद काढायचा, बस. काय गेलं असतं माझं? जागा गेली असती? जाऊ दे की! तिचा हात राहिला असता तर जागा कदाचित तिला मिळाली असती, कारण ती माझ्यापेक्षा सरस होती. हेच मला नको होतं. याला काही दुसरं नाव नाही.

मी म्हणाले, ‘‘अगं, मी जांबला जाऊन समर्थांपुढं नवस बोलले. आमच्याकडचं फार जागृत ठिकाण आहे. त्यांच्या पायाशी हात टेकवला नि आठ दिवसांत फरक.’’

तोंडातून निघालं ते असं निघालं. गुळगुळीत. आधी पाठ केल्यासारखं.

ती गेली हो. आठवड्यातल्या एकुलत्या एक सुट्टीला गेली. जालन्याहून एक एसटी, पुढं दुसरी, उभ्यानं. सोमवारी आली तेव्हा कपाळाला अंगारा आणि हातात कागदाची पुडी. म्हणाली, ‘‘ताई, तुमच्या गावाकडं लई शांत वाटलं बगा. हे घ्या, तुमच्यासाठी आणलाय परसाद.’’ साखरफुटाणे होते. तिनं डाव्या हातानं पुडी सोडली, कारण उजव्यानं दोरा सुटत नव्हता. मी खाल्ले. तिच्यासमोर उभी राहून, दोन बोटांनी उचलून, कपाळाला लावून खाल्ले.

लहानपणापासून ज्या देवळात आजोबांचा हात धरून गेले, ते ठिकाण मी वापरलं. त्यानंतर मी जांबला किती वेळा गेले असेन, माहेरच तिकडं. आत जाते, बाहेर येते. मागत काही नाही. मागायचं तोंड राहिलेलं नाही.

पौष-माघात तिचं काम दिसायला लागलं. दोनशेचे दीडशे झाले, मग शंभर. चुका व्हायला लागल्या. एका गावचा लॉट दुसऱ्या गावाच्या नावावर चढला आणि गावोगाव प्लॉट बघत हिंडणारा आमचा फील्डवाला साहेबांकडं ओरडत आला. जालन्यातल्या एका डॉक्टरनं तिला अशक्तपणा सांगितला, ताकदीची इंजेक्शनं दिली. ती खोलीवरून हळद बांधून यायची, कीबोर्डवर पिवळे डाग पडायचे, त्यावरूनही बोलणी. मग एक दिवस चहाचा कप तिच्या हातातून तसाच सुटला. झटका बसला नाही, घसरला नाही — हातानं धरायचंच सोडून दिलं. सगळा चहा कीबोर्डवर. ती कपाकडं नाही, स्वतःच्या बोटांकडं बघत राहिली. मी फडकं आणायला पळाले. काय तत्पर मी!

त्याच दुपारी साहेबांनी मला एकटीला केबिनमध्ये बोलावलं. काचेचं केबिन, बाहेरून दिसायचं, ऐकू यायचं नाही. ते वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. आजपर्यंत मनात त्यांना खूप शिव्या दिल्या, कारण कुणाला तरी द्यायच्या होत्या. पण त्यांनी मला विचारलं होतं. नीट विचारलं होतं: ‘‘तुम्ही शेजारी बसता. खरंच दुखतं का तिला, का काम टाळायचं नाटक आहे? खरं असेल तर दोन-तीन महिने तिला दुसरं काम देऊ.’’

दुसरं काम. फायलींचं, फोनचं. हात वाचला असता. तेव्हाही वाचला असता.

मी म्हणाले, ‘‘साहेब, माझाही हात दुखायचा. मी करतेच आहे ना काम.’’

बस, एवढंच म्हणाले. यात खोटं काय आहे? शब्द न् शब्द खरा. माझा हात दुखायचा, मी काम करत होते. मी तिला खोटारडी म्हटलं नाही, कामचोर म्हटलं नाही. ते साहेबांनी माझ्या वाक्यातून काढून घेतलं, आणि ते काढून घेणार हे ठाऊक असूनच मी वाक्य पुढं ठेवलं होतं. त्यांनी मान डोलावली. ‘‘बराबर आहे,’’ म्हणाले. मी बाहेर आले. कावेरी काचेपलीकडून माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघून हलकेच मान हलवली — धीर दिल्यासारखी.

मार्चअखेर मी पर्मनंट झाले. तिला ‘एप्रिलपासून येऊ नका’ सांगितलं. जाताना तिनं खणातल्या चिल्लर वस्तू पिशवीत भरल्या, माझा एक डबा तिच्याकडं होता तो घासून आणला होता, तो दिला. म्हणाली, ‘‘हातच न्हाई राह्यला ताई, तर कुणाला काय म्हनावं.’’ पिशवी डाव्या खांद्याला अडकवली आणि गेली. चपला दाराबाहेर होत्या. पट्टा लावायला तिला वेळ लागला. मी आतून ऐकत होते. उठले नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या खुर्चीवर फायली ठेवल्या.

पुढचं कळत गेलं ते भोकरदनकडच्या आमच्या फील्डवाल्याकडून. तिचं लग्न सिल्लोडकडं जमलं होतं ते मोडलं — पोरीचा हात लुळा आहे म्हणून. निंदायला खुरपं धरवेना, शेळीची धार काढता येईना. वर्षभरानं भावानं औरंगाबादला नेलं, मनगटाचं ऑपरेशन केलं. डॉक्टर म्हणाले, दुखणं थांबेल, पण गेलेली ताकद येणार नाही, फार उशिरा आणलं. फील्डवाला हे चहा पिता पिता सांगत होता. माझ्याही हातात कप होता. हलला नाही, बिलकुल हलला नाही. माझा हात ठणठणीत होता ना!

आता पुढचं ऐका, आणि चिडायचं असेल तर इथं चिडा.

चार-पाच वर्षांनी ऑफिस नव्या इमारतीत गेलं. कॉम्प्युटर दोनाचे पंधरा झाले, माऊस आले, पोरी आल्या. मी त्यांची मुख्य. वरच्या ऑफिसातून एक तरुण अधिकारी आला आणि म्हणाला, हातदुखीच्या तक्रारी वाढताहेत, कुणी काही शिकवू शकेल का? मी हात वर केला. मी! घरी कपाटात तो कागद जपून ठेवला होता. त्यावरून मोठं चित्र काढून घेतलं, भिंतीवर लावलं. खुर्च्या बदलायला लावल्या, माऊस कीबोर्डला चिकटून ठेवायला लावला, पाट करून घेतले. दर अर्ध्या तासानं मी टाळी वाजवायचे, आणि पंधरा पोरी हात मांडीवर घेऊन बोटं उघडायच्या-मिटायच्या. एकीचंही मनगट वर मोडलेलं दिसलं की मी अंगावर धावून जायचे. पोरी म्हणायच्या, मॅडम किती काळजी करतात. कंपनीनं मला शाल दिली, नारळ दिला, आणि साहेबांनी — तेच साहेब — भाषणात सांगितलं की सुमनबाईंनी आमच्या मुलींचे हात वाचवले.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी शाल घेतली. ती अजून आहे. घरात कुणी पांघरायला काढली की मी खेकसते आणि का खेकसते ते कुणाला कळत नाही.

आणि एक दिवस कावेरी आली.

शिपाई म्हणाला, कुणी बाई आल्यात, अनुभवाचा दाखला पाहिजे म्हणतात. मी बाहेर आले तर ती. अंगानं भरलेली, केसांत एखादी चांदी, कपाळावर कुंकू. लग्न झालं होतं, गावातल्याच एका बायको वारलेल्या माणसाशी. चांगला माणूस आहे म्हणाली. बचतगटात लिहिणाऱ्या बाईची जागा होती, त्यासाठी दाखला हवा होता.

‘‘लिहितेस कशी?’’ माझ्या तोंडून गेलं.

‘‘डाव्यानं शिकले ताई. दोन वर्षं लागली. आता बराबर जमून राह्यलंय.’’ आणि हसली.

तिनं अर्जावर माझ्यासमोर सही केली. डाव्या हातानं, जीभ दातात धरून, एकेक अक्षर रचत. उजवा हात कागद दाबायला ठेवला होता. मी तो पाहिला. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसाचा गड्डा असतो — तुमच्या हाताला बघा, प्रत्येकाला असतो — तिथं तिच्या हाताला खळगा होता. नुसती कातडी, आत बसलेली. औरंगाबादच्या त्या बाईंनी सांगितलं होतं, अगदी तस्सं.

दाखला टाइप व्हायला वेळ होता. मी तिला चहा मागवला. ती म्हणाली, ‘‘एक सांगायचं राह्यलंच होतं ताई. त्या टायमाला सारं ऑफिस मला कामचोर म्हणून राह्यलं होतं. तुमी एकल्याच मह्यासाठी साहेबाशी बोलाया गेल्ता. म्या काचातून पाह्यलं होतं. साहेबानं ऐकलं न्हाई ते जाऊ द्या. पण तुमी बोलल्या. घरी समद्यांला सांगते मी, अशी एक ताई होती.’’

मला वाटतं, तेव्हा खरं बोलायला तीन-चार शब्द पुरले असते. ‘मी तुझ्यासाठी गेले नव्हते.’ बस.

मी म्हणाले, ‘‘असू दे गं. माणसानं माणसासाठी एवढं करायलाच पाहिजे.’’

असं म्हणाले. माझ्या या तोंडानं. तिच्या पाठीवर हातसुद्धा ठेवला.

चहा झाला. ती उठून भिंतीवरच्या त्या चित्रापुढं जाऊन उभी राहिली. खालच्या ओळी बोट ठेवून वाचायला लागली. खुर्ची, कोपर, मनगट, मुंग्या आल्या की थांबा. आतमध्ये टाळी वाजली — माझीच एक पोरगी माझ्या जागी वाजवायची — आणि काचेपलीकडं पंधरा जणींनी हात मांडीवर घेतले. कावेरी त्यांच्याकडं बघत राहिली. मग चित्राकडं. तिचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता. हसू गेलेलं. जबडा घट्ट.

मागं न वळता ती म्हणाली, ‘‘एवढंच करायचं होतं व्हय?’’

शिपायानं टाइप झालेला दाखला आणून माझ्या हातात दिला.

‘‘खुर्ची वर, मनगट सरळ. एवढंच?’’ आता आवाज चढला होता. ‘‘एवढ्यासाठी हात गेला महा? कुनालाच कसं म्हाईत नव्हतं हे? एका बी माणसाला म्हाईत नव्हतं? सांगा की ताई!’’

रागावली होती ती. पहिल्यांदा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला राग आला होता, आणि राग कुणावर करावा हे तिला कळत नव्हतं. ती वळून माझ्याकडं बघत उभी होती. उत्तर मागत होती. आणि ज्या माणसावर तो राग जायला हवा होता ते माणूस तिच्यापासून हातभर अंतरावर, तिच्या दाखल्याचा कागद हातात धरून उभं होतं.

‘‘नाही गं,’’ मी म्हणाले. ‘‘तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.’’

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग मान हलवली, दाखला घेतला, घडी घातली, ब्लाउजमध्ये खोचला. ‘‘येते ताई,’’ म्हणाली. जिन्यावरून उतरताना तिच्या डाव्या हाताचा कठड्यावरचा आवाज मला येत राहिला. मी आत गेले. एका पोरीचं मनगट वर मोडलेलं होतं. मी तिला सगळ्यांदेखत इतकं बोलले की ती रडली.

मी आता निवृत्त आहे. कावेरी धावड्यालाच आहे, बचतगटाचं काम करते, असं ऐकते. भोकरदनला उतरलं की पुढं गाडी मिळते. मी एकदाही बसले नाही.